प्रयोग चालू आहे

सिद्धेश्वरीने खोलीच्या दारावर पाटी लावली आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं. पाटी साधी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं : ‘प्रयोग चालू आहे. आत येऊ नये.’ अशी पाटी वाचून शहाणी माणसं पुढे जातात. सोलापूरच्या जुळे सोलापूर वसाहतीत माणसं ती वाचून थांबली.

पहिले थांबले जोतीरामकाका. ते मूळचे मंगळवेढ्याचे, एसटीत ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावर लेकाकडे राहायला आलेले. सकाळी फिरून येताना त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि कुंपणापाशी येऊन झाडांना पाणी घालणाऱ्या गुरुसिद्धप्पांना विचारलं, “परयोग चालू हाय म्हनं. कुटलं नाटक?”

गुरुसिद्धप्पा म्हणजे सिद्धेश्वरीचे सासरे. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. तेही एसटीतलेच, स्टँडवर कंट्रोलर. उभा जन्म माईकवर गाड्या पुकारण्यात गेलेला. चौकशीच्या खिडकीवर आलेल्या माणसाला ‘ठाऊक नाही’ म्हणून परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“नाटक न्हाय. सूनबाईची पीएच.डी. हाय,” अप्पा म्हणाले. “आतनं बघायचं असंल तर दुपारी या. आत्ता ऊन न्हाय, फरक कळायचा न्हाय.”

सिद्धेश्वरी आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायची आणि तिच्या पीएच.डी.च्या विषयाचं नाव इतकं लांब होतं की पहिल्या ओळीत ते कधी मावलंच नाही. त्यात पर्यावरण होतं, शाश्वत होतं, डिजिटल होतं आणि दोन ठिकाणी ‘आणि’ होतं. अप्पांनी त्याचं मराठी करून टाकलं होतं : उन्हाळ्यात गार राहणारं घर, कम्प्युटरला विचारून बांधायचं. गाईड मॅडमना सुद्धा एवढं नेमकं जमलं नव्हतं.

घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तिने दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. मापं एक, दार एक, खिडकी एक, तोंडही एकाच दिशेला. फरक फक्त मालाचा. पहिली नेहमीची, सिमेंटचे ब्लॉक आणि वर स्लॅब. दुसरी मातीची, पण हाताने थापलेली नव्हे. कॉलेजने भाड्याने आणलेलं एक यंत्र नळीतून माती पिळत गोल गोल फिरायचं आणि कम्प्युटर सांगेल तशी थरावर थर भिंत चढवायचं. वर जाड मातीचं माळवद. यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गल्ली गोळा झाली होती. सासूबाई, म्हणजे चन्नम्मा, ज्यांना घरात अव्वा म्हणत, त्या बराच वेळ गालाला हात लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, “चकलीच की गं ही. सोऱ्या तेवढा मोठा हाय.” तेव्हापासून तिचं नाव चकलीची खोली आणि दुसरीचं स्लॅबची खोली असं पडलं ते पडलंच. पुढे पुढे सिद्धेश्वरी कॉलेजात बोलतानाही जीभ चावायला लागली.

या दोन खोल्यांना एक तिसरीही बहीण होती. ती कम्प्युटरात होती. चकलीच्या खोलीची हुबेहूब प्रत, भिंतीचा प्रत्येक थर, खिडकीची प्रत्येक फट धरून. तिला ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात, म्हणजे खोलीचं कम्प्युटरातलं जुळं, असं सिद्धेश्वरीने एकदा जेवताना समजावून सांगितलं.

“भाईर दोन हायत. त्यात जुळ्यातलं तिसरं कसलं गं?” अव्वांनी विचारलं.

“तिळं म्हनायचं मग,” अप्पा म्हणाले. “आन् ऱ्हातंय कुटं? जुळ्या सोलापुरात. पत्ता बराबर हाय.”

हसण्यावारी गेलं, पण सगळी पीएच.डी. त्या तिसरीवर उभी होती. बाहेर किती ऊन आहे ते कळलं की आत किती गरम होईल हे ती कम्प्युटरातली खोली आधीच सांगायची. खऱ्या खोलीतल्या पांढऱ्या डबीने, साबणाच्या वडीएवढ्या सेन्सरने, तोच आकडा दाखवला की सिद्धेश्वरी जिंकली. पडद्यावर दोन रेषा असायच्या, कम्प्युटरची निळी आणि खऱ्या खोलीची तांबडी. त्या एकमेकींवर बसायला हव्यात. मागच्या वर्षी समितीने मॉडेलचं कौतुक केलं होतं आणि शेवटी एवढंच विचारलं होतं, “पण हे खरं आहे का?” ते सिद्ध करायला भर उन्हाळ्याची मोजमापं लागणार होती आणि तिच्या नोंदणीची वाढवून घेतलेली मुदतही याच उन्हाळ्यानंतर संपत होती. सोलापुरात ऊन हवं तेवढं मिळतं, पण मे महिना वर्षातून एकदाच येतो. पुढच्या मे महिन्यात ऊन असतं, नोंदणी नसती.

अट एकच होती. खोली रिकामी हवी. कारण कम्प्युटरातली खोली रिकामी होती.

सिद्धेश्वरीने हे घरात सगळ्यांना नीट सांगितलं आणि सगळ्यांनी नीट मान डोलावली. गोंधळ ‘रिकामी’ या शब्दाचा झाला. तिच्या लेखी रिकामी म्हणजे आत काही नाही. बाकीच्यांच्या लेखी रिकामी म्हणजे मोकळी आहे, वापरायला हरकत नाही.

पहिल्या आठवड्यात तांबडी रेषा दिवसभर शहाण्यासारखी निळीच्या मागून चालायची आणि दिवेलागण झाली की टुणकन उडी मारायची. रोज. सिद्धेश्वरीने डबी तपासली, वायरी तपासल्या, मग स्वतःचं गणित तपासलं. शेवटी तिला एक सुंदर कारण सुचलं : मातीची भिंत दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी ते आत सोडत असणार. त्यावर तिने दोन पानं लिहिली आणि गाईड भुवनेश्वरी मॅडमना पाठवली. मॅडमनी उत्तरात लिहिलं, ‘अतिशय मौलिक निरीक्षण.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सहज मागे गेली तर चकलीच्या खोलीतून उदबत्तीचा वास येत होता. कोनाड्यात डबी होती आणि डबीला टेकून निरांजन तेवत होतं.

“अव्वा, हे काय?”

“दिवा,” अव्वा म्हणाल्या. सून इतकी शिकलेली असून असं विचारते याचं त्यांना थोडं नवलच वाटलं. “नवी वास्तू अंधारात ठेवू ने बाई. तू रिकामी ठिव म्हनलीस, ठिवली. पर अंधारात ठिव म्हनली न्हाईस.”

“पण डबीला चिकटून?”

“एकलीच होती बिचारी कोनाड्यात. म्हनलं, असू दे सोबत.”

मौलिक निरीक्षण त्या रात्री डिलीट झालं. विरेश, सिद्धेश्वरीचा नवरा, नवी पेठेत कापडाच्या दुकानात बसायचा. त्याने बायकोचं तोंड बघून येताना एक भक्कम कुलूप आणलं. कुलूप लावलं आणि घरातली प्रत्येक किल्ली जिथे जाते तिथेच ती किल्लीही गेली, अव्वांच्या कमरेला. दिवा उंबऱ्याबाहेर लावायचा असं ठरलं. वारा नसला की तो बाहेर लागायचा. सोलापूरला मे महिन्यात संध्याकाळी वारा असतोच.

मग दुपारची रेषा बिघडली. जेवणं झाली की तांबडी रेषा हळूहळू वर सरकायची आणि चहाच्या वेळेला खाली यायची. या वेळी सिद्धेश्वरीने पानं लिहायची घाई केली नाही. ती कॉलेजातून दुपारीच घरी आली आणि सरळ चकलीच्या खोलीत गेली. आत बाज टाकलेली होती. बाजेवर अप्पा, खाली सतरंजीवर जोतीरामकाका, त्यांच्या पलीकडे डेपोतले जुने दोघे कंडक्टर. चौघेही गाढ. दाराच्या आतल्या बाजूला अप्पांच्या वळणदार अक्षरात खडूने लिहिलं होतं, ‘चालक-वाहक विश्रांती कक्ष’.

तिने अप्पांना बाहेर घेऊन शांतपणे समजावलं. माणसाच्या अंगातून उष्णता निघते. नुसता पडून राहिलेला माणूसही जवळजवळ शंभराच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता देतो.

“म्हंजे मी शंभराचा बल्ब?” अप्पांनी विचारलं.

“उजेड तेवढा पडत न्हाय,” अव्वा स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या.

अप्पांना मनापासून वाईट वाटलं. आपल्यामुळे पोरीचा आकडा चुकला हे त्यांना टोचलं. कंट्रोलरच्या नोकरीत गाडी लेट झाली की ते पुढच्या थांब्यावर वेळ भरून काढायची व्यवस्था करायचे. इथेही त्यांनी व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कॉलेजात बसलेल्या सिद्धेश्वरीच्या पडद्यावर तांबडी रेषा विहिरीत दगड पडावा तशी खाली गेली. बाहेर अंगाची लाही होत असताना चकलीच्या खोलीत महाबळेश्वर अवतरलं होतं. तिने विरेशला फोन केला, विरेशने घरी केला, आणि उलगडा झाला तो असा : अप्पांनी डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गळ्याला बांधली होती.

“आकडा कमी पायजे म्हनालीस की,” संध्याकाळी अप्पा म्हणाले. “केला कमी.”

“अप्पा, आकडा खरा पाहिजे.”

“कमी बी पायजे, खरा बी पायजे. एका फलाटावर दोन गाड्या लागत न्हाईत, सिद्धू.”

तिला हसू आलं आणि हसू आलं म्हणून रागही आला. पण खरा धक्का अजून बाकी होता. स्लॅबच्या खोलीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बिचारी तापायचीच होती, तापू दे. शनिवारी तिने तिचे आकडे काढले तर ती दिवसागणिक थंड होत चाललेली. जाऊन बघते तो आत दोरीपासून जमिनीपर्यंत सांडगे, कुरडया आणि पापड. एका कोपऱ्यात कडक भाकऱ्यांची चवड. हवा खेळावी म्हणून खिडकी उघडी आणि दाराशी टेबलफॅन.

“भट्टीवानी तापती की गं ही,” अव्वा खूश होत्या. “धूळ न्हाय, कावळा न्हाय, एका दिसात कडक. शेजारच्या चन्नबसव्वाच्या घरची बी कुरडई हितंच हाय.”

ओला सांडगा वाळताना खोलीतली उष्णता पितो, वर खिडकी उघडी. म्हणजे स्लॅबची खोली सांडग्यांनी गार होत होती आणि चकलीची खोली माणसांनी गरम. त्या दोघी रोज थोड्या थोड्या एकमेकींजवळ येत होत्या. आणखी पंधरवडा असंच चाललं तर सिद्धेश्वरीचं संशोधन असं सिद्ध करणार होतं की माती काय आणि सिमेंट काय, सोलापूरच्या उन्हाला सगळं सारखंच.

सिद्धेश्वरीने भुवनेश्वरी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. मग त्यांनी सल्ला दिला की माणसांचे दिवस काढून टाक आणि उरलेले ठेव. सिद्धेश्वरीने ते करून पाहिलं. उरला एक दिवस. सगळं घर अक्कलकोटला लग्नाला गेलं होतं तो. आणि त्या दिवशी, तिच्या लक्षात आलं, दिवा लावायला किल्ली जोतीरामकाकांकडे दिलेली होती.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. समितीवरचे बाहेरचे तज्ज्ञ, पुण्याचे डॉक्टर मानसिंग पांढरे, पुढच्या आठवड्यातल्या सादरीकरणाआधी खोल्या स्वतः बघायला येणार होते. पांढरे सरांचं लाल पेन प्रसिद्ध होतं. ते कुणावर ओरडत नसत, नुसते आलेखावर एक लाल गोल काढत आणि विचारत, “हे काय आहे?” त्या गोलात बरेच प्रबंध बुडाले होते.

सिद्धेश्वरी घाबरली नाही. तिला तिची भिंत ठाऊक होती. तिने ठरवलं, सरांच्या डोळ्यांदेखत एक दिवस तरी निर्मळ मिळवायचा. आदल्या संध्याकाळी दोन्ही खोल्या झाडून पुसून रिकाम्या केल्या. सांडगे गच्चीवर गेले. बाज तेवढी आतच राहिली, कारण ती दारातून तिरकी होऊन आत गेली होती पण बाहेर यायला तयार नव्हती. अप्पांना सांगितलं, उद्या विश्रांती कक्ष बंद. अव्वांना सांगितलं, उद्या दिवा सर गेल्यावर. सगळ्यांनी नीट मान डोलावली.

सर सकाळच्या गाडीने आले. उंच, कोरडे, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, खिडकीची फट बोटाने मोजली. दोन्ही खोल्यांत उभं राहून आले. चेहऱ्यावरून काही कळेना. दुपारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं, पण पाहुणा न जेवता जातो ही गोष्ट अव्वांच्या हद्दीत होत नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आंबट वरण आणि मुख्य म्हणजे गव्हाची गुळातली खीर, म्हणजे हुग्गी, वर तूप. सर दोनदा बास म्हणाले. दोन्ही वेळा अव्वा “साकु म्हनू ने जेवताना” म्हणत वाढत राहिल्या. ‘साकु’ म्हणजे कानडीत ‘पुरे’, आणि तो शब्द पाहुण्याच्या तोंडी त्यांना चालत नसे.

“गाव कुटलं म्हनायचं तुमचं?” अप्पांनी विचारलं.

“पुणे,” सर म्हणाले. मग हुग्गीचा घास गिळून म्हणाले, “तसं मूळ नातेपुते, याच जिल्ह्यातलं.”

“मग असं बसा की मांडी घालून.”

जेवण झालं. गाडीला अवकाश होता. सर म्हणाले, माळवदाची खालची बाजू नीट बघायची राहिली, पाच मिनिटं बघून येतो. सिद्धेश्वरी हात धुऊन मागे जाईपर्यंत सर बाजेवर उताणे पडून माळवद बघत होते. ती आदराने बाहेरच थांबली. थोड्या वेळाने आतून आवाज आला. आधी तिला वाटलं, सर काही विचारताहेत. मग तो आवाज एका लयीत येऊ लागला.

ती उंबऱ्याबाहेर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर तांबडी रेषा निळीला सोडून वर निघाली होती. शंभराचा एक बल्ब, वर हुग्गी. जो एक निर्मळ दिवस तिने समितीला दाखवायला जपला होता तो समितीनेच वापरायला काढला होता.

विरेश म्हणाला, उठव, गाडी जाईल. अप्पा म्हणाले, झोपलेल्या माणसाला उठवू नये, त्यातून ड्युटीवरच्या. अव्वांनी आत डोकावून बघितलं आणि कुजबुजत्या आवाजात निकाल दिला की लेकरू लई दिवसांचं जागं दिसतंय. तेवढ्यात नेहमीच्या वेळेला जोतीरामकाका आणि मंडळी पत्ते घेऊन हजर झाली. कक्ष बंद असल्याचं अप्पा त्यांना सांगायला विसरले होते. त्यांनी बाजेवरच्या नव्या माणसाकडे पाहिलं. एसटीच्या विश्रांतीगृहात अनोळखी माणूस झोपलेला असणं त्यांना नवीन नव्हतं. चपला हातात घेऊन मंडळी आत गेली, सतरंजी अंथरली आणि आवाज न करता पत्ते वाटले. सिद्धेश्वरीने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी आभाळाकडे पाहिलं. पडद्यावर रेषेने दुसरी पायरी चढली.

सर उठले तेव्हा ऊन कललं होतं. गाडी केव्हाच गेली होती. खाली तीन म्हातारे मुक्यानं रमी खेळत होते. सर थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि झोपेतल्याच आवाजात म्हणाले, “लई बेस लागली की झोप.” मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं, ते उठून बसले आणि बाहेर उभ्या सिद्धेश्वरीला म्हणाले, “मॅडम, हे काय आहे?”

“प्रयोग चालू आहे, सर,” ती म्हणाली.

अप्पांनी डेपोत फोन लावला आणि पुण्याच्या गाडीत सरांना खिडकीची जागा मिळवून दिली. जाताना सर कुणाकडे न बघता एवढंच म्हणाले, की वेळेचं जरा गणित चुकलं.

त्या संध्याकाळी सिद्धेश्वरी बराच वेळ चकलीच्या खोलीच्या पायरीवर बसली. बाहेरचा तज्ज्ञ, ज्याला रिकामी म्हणजे काय ते पक्कं ठाऊक, तोही या खोलीला रिकामी ठेवू शकला नाही. मग चूक अप्पांची नाही, जोतीरामकाकांची नाही, भिंतीची तर नाहीच. खोलीने आपलं काम इतकं चोख केलं होतं की भर दुपारी वाटेवरचं प्रत्येक माणूस तिच्यात येऊन पडत होतं. रिकामी राहायची कम्प्युटरातली ती तिसरीच. म्हणजे खोटी कोण? तिच्या मनाने उत्तर दिलं आणि ती उठून उभीच राहिली. माणसं बाहेर काढता येत नाहीत ना, मग ती आत घालायची.

पुढचे दिवस घरात जबान्या चालल्या. कोण किती वाजता झोपलं, कोण कुशीवर, कोण उताणं, डाव किती रंगला. अप्पांनी सगळं वेळापत्रकासारखं सांगितलं, येणारे आणि जाणारे वेगळे. माठाच्या दिवसाचंही स्वतःहून कबूल केलं. स्लॅबच्या खोलीचीही कम्प्युटरात प्रत केली, तिच्यात सांडग्यांचं पाणी घातलं, खिडकी उघडली, फॅन लावला. सिद्धेश्वरी एकेक माणूस कम्प्युटरातल्या खोलीत नेऊन झोपवत होती आणि निळी रेषा एकेक पायरी चढून तांबडीला भेटायला येत होती. अव्वा मागे उभ्या राहून बघत होत्या.

“हितं दिवा लावलास का?”

“कुठे, अव्वा?”

“ह्या तिसरीत. ती बी नवीच की.”

सिद्धेश्वरीने कोनाड्यात एका ज्योतीची उष्णता घातली, दिवेलागणीची वेळ टाकली. संध्याकाळची ती उडी, जिच्यावर दोन पानं लिहून झाली होती, निळ्या रेषेनेही मारली. दोघी एकमेकींवर अशा बसल्या की रंग ओळखू येईना.

सादरीकरणाच्या दिवशी ती समितीपुढे सरळ उभी राहिली आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. हा दिवा. हे सासरे. हे तीन निवृत्त कर्मचारी. हा माठ, एवढा एकच दिवस वगळला आहे, कारण तो खोलीचा नसून पाण्याचा आहे. इथे कुरडया. भुवनेश्वरी मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. हसू आधी मागच्या रांगेत आलं, मग पुढे सरकलं, पण आलेख पुढे जात राहिला तसं ते थांबलं आणि लोक वाकून बघू लागले. दोन रेषा महिनाभर हातात हात घालून चालल्या होत्या. आणि माणसं, पत्ते, दिवा सगळं आत असूनही चकलीची खोली, म्हणजे मातीची खोली, भर दुपारी बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी गार राहिली होती.

पांढरे सर उठले. पडद्याजवळ गेले. लाल पेन त्यांनी उघडलं नाही, नुसतं एका जागी टेकवलं. तिथे, एका दुपारी, तांबडी रेषा निळीला सोडून एकटीच वर गेली होती.

“बाकी सगळ्याला तुम्ही नाव दिलंत. हा एकच उंचवटा मोकळा सोडलाय. हे काय आहे?”

सिद्धेश्वरीने पाण्याचा घोट घेतला.

“सर, ते राहू द्यावं असं मला वाटलं.”

“संशोधनात संकोच नको, मॅडम. नाव द्या.”

“सर, ते तुम्ही आहात.”

सरांनी तारीख वाचली. वेळ वाचली. पेन हळूच खिशाला लावलं.

“आणि ही वरची पायरी?”

“ती पत्त्यांची मंडळी. तुम्ही जागे होऊ नये म्हणून ती बोलत नव्हती.”

सर जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी समितीच्या कागदावर पुष्कळ वेळ काहीतरी लिहिलं. भुवनेश्वरी मॅडमनी एव्हाना एक डोळा उघडला होता. लिहून झाल्यावर सरांनी ते मोठ्याने वाचलं. काम समाधानकारक आहे, प्रबंध सादर करायला हरकत नाही. रिकाम्या खोलीची कल्पना सोलापूरला लागू पडत नाही, हे उमेदवाराने मोजमापांनी दाखवून दिलं आहे. आलेखातल्या सर्व व्यक्तींची नोंद पूर्ण करावी, कोणताही अपवाद न करता.

बाहेर जिन्यात त्यांनी तिला गाठलं. इकडेतिकडे बघितलं.

“पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजमापं घेणार असाल तर कळवा,” ते म्हणाले. “येतो की मी. हुग्गी नसली तरी चालंल.”

घरी येऊन सिद्धेश्वरीने सरांना कम्प्युटरातल्या बाजेवर झोपवलं. त्या प्रणालीत माणसासाठी बसणं, उभं राहणं, झोपणं, अशी कामं होती. ‘जेवून झोपणं’ नव्हतं. तिने झोपणं निवडलं, हुग्गीसाठी हाताने थोडं वाढवलं, आणि तो शेवटचा उंचवटाही जागेवर बसला.

मग ती मागे गेली. चकलीच्या खोलीतून घोरण्याचे दोन-तीन सूर येत होते. दाराबाहेर वहाणांचा ढीग पडला होता, त्यातली एक जोडी थेट उंबऱ्याच्या आत. तिने पाटी काढली, खालची ओळ पुसली, विचार करून नवी लिहिली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली :

‘प्रयोग चालू आहे. चपला बाहेर काढाव्यात.’